रंगारी-बारा

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. विश्वास ठेवा असं म्हणणार नाही. ठेवून तुमचं भलं होणार नाही आणि न ठेवून माझं काही बिघडणार नाही. बिघडायचं ते बिघडून झालंय.

गोष्ट माझ्या मामाची आहे. त्यानेच मला सांगितली. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या, अकरा दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी. काही तुकडे मी दोनदा ऐकले, काही मला उकरून काढावे लागले.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. दुपारचे सव्वाचार.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. लख्ख ऊन होतं, आणि गच्च्यांवर कपडे वाळत होते.

आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर कळणार नाही.

आमची वस्ती टेकडीच्या दोन उतारांवर आहे. मधे ओढा. इंटरनेटच्या कंपन्या खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत आल्या, आमचा चढ पाहिला आणि आल्या पावली परत गेल्या. मग लोकांनीच मनावर घेतलं. वाचनालयात एक दणदणीत कनेक्शन घेतलं आणि तिथून गच्ची-गच्चीवर डबे चढवले. हातात मावेल एवढा पांढरा डबा. लांब अंतर असेल तर त्याला जोडून एक लहान छत्री. एका डब्याने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आग लागल्यावर माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसं. एक डबा बंद पडला तर बाकीचे दुसरी वाट शोधतात. चाळीस गच्च्यांवर आमचं हे जाळं पसरलं होतं, आणि त्यात कुणाचाही एका पैशाचा धंदा नव्हता.

हे सगळं उभं करण्यात दोन माणसं पुढे होती. एक माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. उंच, काटकुळा, लग्न न झालेला. सगळी वस्ती त्याला ‘खांब’ म्हणायची. दुसरे माझे बाबा. इमारती रंगवायचं काम. दोरावर लोंबकळून तिसऱ्या मजल्याची खिडकी रंगवताना ते खालच्या बायकांशी गप्पा मारायचे. उंचीची भीती म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

आमच्याकडे एक पद्धत होती. जो डबा चढवेल त्याचं नाव डब्याला द्यायचं. खांब-सात. सुतार-तीन. रंगारी-चार. बाबांनी अकरा डबे चढवले होते. त्या रविवारी बारावा होता.

बारावा डबा दवाखान्यासाठी होता.

ओढ्यापलीकडे दोन खोल्यांचा दवाखाना आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, बाकी दिवस सिस्टर एकट्याच. दवाखान्यात जाळं पोचलं की सिस्टरना मोठ्या डॉक्टरांना पेशंट दाखवता येणार, असं ठरलं होतं. आई तर महिनाभर सगळ्यांना सांगत सुटली होती, “आमचे हे दवाखाना जोडणार आहेत.”

असा लांबचा जोड करायला दोन माणसं लागतात. एक या गच्चीवर, एक त्या. एकाच्या हातात छत्री, दुसऱ्याच्या हातात फोन. फोनवर आकडा दिसतो. तो उणे असतो, पण बोलताना ‘उणे’ कोणी म्हणत नाही. आकडा जेवढा लहान तेवढं चांगलं. ऐंशीच्या वर म्हणजे बहिऱ्याशी बोलणं. पासष्टच्या आत आलं की काम फत्ते. चाळीस म्हणजे शेजारच्या खोलीत. वीस म्हणजे दोन्ही डबे एकाच टेबलावर.

छत्रीवाला विचारतो, “किती?”

फोनवाला आकडा सांगतो. मनासारखा आला की म्हणतो, “बास!” मग छत्रीवाला तिथेच पाइप रोवतो आणि पान्याने नट आवळतो.

बाबा एका अर्धवट बांधलेल्या तिमजली इमारतीच्या गच्चीवर होते. कठडा बांधायचा राहिला होता. कानात इअरफोन, छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, तोंड दवाखान्याकडे. मामा पलीकडे दवाखान्याच्या गच्चीवर. मधे बाबांच्याच गच्चीवरची पाण्याची मोठी टाकी आडवी येत होती. तिच्या आडून सुटायचं तर बाबांना तिरकं मागे सरकावं लागत होतं. आणि छत्री फिरवून चालणार नव्हतं, म्हणून उलटं चालावं लागत होतं.

“किती?”

“बहात्तर. मागे सरका, भाऊजी.”

“किती?”

“सहासष्ट. अजून थोडं.”

“किती?”

बाबांचा शेवटचा शब्द तोच होता.

मामाने मान वर केली तेव्हा समोरच्या गच्चीवर...

कोणी नव्हतं.

नुसती टाकी, आणि टाकीवर बसलेला एक कावळा.

मामा सगळ्यांना म्हणाला, “पाय घसरला.” पोलिसांना तेच, शेजाऱ्यांना तेच, आईलाही तेच. कोणाला खोटं वाटायचं कारणच नव्हतं. मी तर त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. तो कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मला वाटलं, किती जीव होता याचा बाबांवर.

जीव होता. ते खोटं नाही.

महिनाभराने जाळ्यातल्याच सुताराने दुसऱ्या एका गच्चीवरून दवाखाना जोडून दिला.

आई अंथरुणाला खिळली नाही, पण खिळल्यासारखीच होती. एका वाक्यावर ती उभी होती. “दवाखान्यासाठी गेले ते.” कोणी भेटायला आलं की हेच. भाजी चिरताना मधेच सुरी थांबवून स्वतःशी हेच. मला कधी कधी राग यायचा, पण त्या वाक्यावर तिचे दिवस निघत होते.

आता मामाकडे येते.

बाबा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मामा चहा घेत फोनवर जाळं तपासत होता. रोजची सवय. प्रत्येक डब्याची एक यादी असते. त्याला आजूबाजूचे कोणकोणते डबे ऐकू येतात, आणि किती आकड्यावर. मामाच्या घरच्या डब्याला चार शेजारी होते. सुतार-तीन, रंगारी-चार, शिंपी-एक, खांब-सात. वर्षभर तेच चार.

त्या दिवशी खाली पाचवं नाव होतं...

रंगारी-बारा. उणे शहाऐंशी.

मामाने कप खाली ठेवला.

बारावा डबा बाबांबरोबर तीन मजले खाली पडला होता. त्याचे तुकडे मामानेच गोळा केले होते. दुकानात टेबलाखाली एका पोत्यात बांधून ठेवले होते. तो तसाच चप्पल अडकवून दुकानात गेला, पोतं सोडलं, तुकडे मोजले. सगळे होते. आतल्या सर्किटच्या पाटीचे सरळ दोन भाग झाले होते. त्यातून वीज जाणं शक्य नव्हतं. आणि वीज जोडलीच कुठे होती?

तरी तो यादीत होता. मामाने डब्यावर कोरलेला लांबलचक नंबर यादीतल्या नंबराशी ताडून पाहिला.

तोच.

त्याने सुताराला बोलावून फोन दाखवला. सुतार डोळे बारीक करून म्हणाला, “चारच तर आहेत रे. झोप नाही का झाली?”

“पाचवा दिसत नाही तुला?”

“खांबा, घरी जा. दोन दिवस दुकान बंद ठेव. हवं तर मी येऊन झोपतो तुझ्याकडे.”

मामाने पुढे कोणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी.

तिसऱ्या दिवशी त्र्याऐंशी.

या कामात मुरलेल्या माणसाला यात एक गोष्ट फार खटकते. खरा सिग्नल असा वागत नाही. वारा सुटला, मधे झाड हललं, कोणी चादर वाळत घातली की आकडा वर-खाली होतो. दिवसभर नाचत असतो. हा नाचत नव्हता. कधी एकाने, कधी दोनाने, पण उतरतच होता. वर एकदाही गेला नाही.

आकडा उतरतो याचा अर्थ एकच. डबा जवळ येतोय.

मग आवाज सुरू झाले.

मामा दुकानात मिक्सर उघडून बसला होता. कानात इअरफोन, जुनी गाणी लावलेली. सव्वाचारच्या सुमाराला गाणं मधेच बंद पडलं. त्याला वाटलं चार्जिंग संपलं. पण कानात शांतता नव्हती. वारा होता... उंच गच्चीवर मोबाइलमध्ये घुसतो तसा, फडफडणारा वारा. दुकानाबाहेरचं झाड मात्र हलत नव्हतं.

मग वाऱ्यातून कोणी तरी विचारलं...

“किती?”

सवय वाईट. मामाने फोनकडे पाहिलं आणि सांगूनही टाकलं.

“एकोणऐंशी.”

तोंडातून शब्द गेला आणि त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. फोनवर त्याच्या डोळ्यांदेखत आकडा बदलला. अठ्ठ्याहत्तर.

त्याने इअरफोन ओढून काढले, पायाखाली चिरडले, गल्लीत फेकून दिले.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला दुकानातल्या दुरुस्तीला आलेल्या रेडिओतून वारा आला. त्या रेडिओचा स्पीकर मामाने सकाळीच सोडवून ठेवला होता.

“किती?”

मामा ओठ घट्ट मिटून बसला. उत्तर दिलं नाही तरी आकडा उतरतच राहिला.

तुम्ही म्हणाल, फोन फेकून द्यायचा. दिला. ओढ्यात दिला. दुसरा घेतला, त्यात जाळ्याचं काही ठेवलंच नाही. तिसऱ्या सकाळी अलार्म बंद करायला त्याने तो हातात घेतला, तर यादी उघडलेली होती.

तुम्ही म्हणाल, पळून जायचं. त्यालाही सुचलं होतं. एक दिवस दूरच्या मित्राकडे राहायला गेला, बसने चार तास. तिथे ना जाळं ना डबे. यादीत मात्र एकच नाव होतं, आणि आकडा घरी असायचा तेवढाच होता. चार तासांच्या अंतराने त्यात एकाचाही फरक पडला नव्हता. मामा दुसऱ्या दिवशी निमूट परत आला.

त्याच्या मनाने मग एक गोष्ट घेतली. आकडा चौपन्नवर थांबेल.

का चौपन्न, ते त्याने मला पहिल्या आठ दिवसांत सांगितलं नाही. टाळत राहिला. नवव्या दिवशी सांगितलं. मी तुम्हाला आत्ताच सांगते, कारण ते लपवून गोष्ट रंगवण्यात मला काडीची हौस नाही.

त्या रविवारी “सहासष्ट, अजून थोडं” नंतर बाबा मागे सरकले, आणि आकडा अठ्ठावन्न झाला.

अठ्ठावन्न. पासष्टच्या आत. काम फत्ते.

बाबा म्हणाले, “झालं ना रे? बांधू का?”

जाळ्यातला सगळ्यात चांगला जोड सुताराचा होता, छप्पन्नचा. सुतार आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची फुशारकी मारायचा, मामाला चिडवायचा. मामा म्हणाला, “थांबा भाऊजी. पंचावन्न काढू. सुताराचं नाक कापू.” बाबांना थांबवून त्याने ग्रुपवर मेसेज टाकला, ‘आत्ता पंचावन्न काढून दाखवतो.’ मग सुताराचं उत्तर आलं. मग त्याने त्याला उत्तर दिलं. सहा मिनिटं बाबा छत्री छातीशी धरून उन्हात, त्या काठावर उभे होते.

मग मामा म्हणाला, “अजून दोन पावलं मागे.”

डोळे फोनवर. समोर पाहिलंच नाही.

“किती?” बाबांनी विचारलं.

आणि आकडा आला. चौपन्न. अख्ख्या जाळ्यात कोणाला मिळाला नव्हता असा. मामा आनंदाने ओरडला, “चौपन्न! बास, भाऊजी, बास!”

तो आकडा छत्री हवेत असतानाचा होता.

मामाने ग्रुपवरचा मेसेज नंतर पुसून टाकला. ‘पाय घसरला’ हे तो त्याच्यानंतर म्हणाला.

म्हणून त्याला वाटत होतं, चौपन्नला थांबेल. ज्याला जे हवं होतं ते मिळालं की प्रश्न मिटला. आकडा पंचावन्नवर आला त्या दिवशी तो दुकानात गेलाच नाही. फोन समोर ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला.

पंचावन्न.

दुपारी चौपन्न.

सव्वाचारला कान टवकारून बसला. वारा आला नाही. कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीही चौपन्न. तिसऱ्या दिवशीही. मामाने दाढी केली. आमच्याकडे जेवायला आला, दोनदा भात मागून घेतला, आईला म्हणाला, “ताई, तू किती वाळलीस गं.” मला आठवतंय, मी मनात म्हटलं होतं, चला, एक तरी माणूस सावरलं.

सहा दिवस चौपन्न राहिला.

सातव्या सकाळी...

त्रेपन्न.

मामा म्हणाला, त्या सकाळी त्याला भीती वाटली नाही. नुसता थकवा आला. चढ संपला म्हणून बसावं आणि समोर तेवढाच दुसरा दिसावा, तसा.

पुढचे दिवस त्याने जिन्याचे आवाज ऐकत काढले. पंचेचाळीस झाला तेव्हा इमारतीच्या जिन्यात टर्पेंटाइनचा वास यायला लागला. रंगाऱ्याच्या अंगाला कायमचा बसतो तो वास. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली, “कुणाकडे रंगकाम काढलंय का हो?” म्हणजे वास तिलाही आला होता. मामाला तेवढ्यानेही बरं वाटलं. निदान आपण एकटेच वेडे नाही.

कोणाकडेच रंगकाम नव्हतं.

तेव्हा तो ताईकडे गेला. म्हणजे आमच्याकडे. मी कामावर होते. आई ओटा पुसत होती.

“ताई, एक सांगायचंय.”

“सांग की.”

“भाऊजींचा पाय नुसता घसरला नव्हता. मी त्यांना मागे जायला सांगितलं होतं. मी बघत नव्हतो. माझं लक्ष फोनमध्ये होतं.”

आईचा हात थांबला. ती वळलीच नाही.

मग तिने पाठमोऱ्यानेच विचारलं, “आकडा किती होता?”

आमच्या घरात आकडे सगळ्यांनाच कळायचे. बाबा जेवताना दुसरं बोलायचेच नाहीत.

मामाने तोंड उघडलं. त्याने मला शपथेवर सांगितलं, अठ्ठावन्न हा शब्द जिभेवर आला होता. पण आई वळली. तिचा चेहरा त्याने पाहिला. ती वाट बघत होती, आणि कशाची ते त्याला स्पष्ट कळलं.

“पंच्याऐंशी,” तो म्हणाला.

आईने श्वास सोडला. ओट्याला टेकली.

“मग काय करणार होतास तू तरी? मागे जावंच लागलं असतं. दवाखाना जोडायचाच होता.” तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. “रडू नकोस. तुझ्यावर राग नाही माझा. बस, पानं घेते.”

तिने त्याला जेवायला वाढलं, आणि तो जेवला. “त्या घासाएवढं जड मी आयुष्यात काही गिळलं नाही,” असं मला म्हणाला. मी त्याला पाणी पाजत होते तेव्हा. माझ्या मनात आलं, पेला त्याच्या तोंडावर ओतावा. ओतला नाही. ओठ पुसले.

घरी परतताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर आकडा एक्केचाळीस होता.

दाराशी अडतीस.

दुसरा दिवस रविवार. दुपारी चारला मामा आपल्या गच्चीवर गेला. घरचा डबाच काढून टाकायचा, असं त्याने ठरवलं होतं. ऐकणाराच नसेल तर येणारा येईल कशाला? त्याने वायर उपटली. डब्यावरचा हिरवा दिवा विझला. नट सोडले. डबा पाइपवरून उतरवून पायाशी ठेवला.

गच्चीवर नेहमी कबुतरं असायची. त्या दिवशी एकही नव्हतं. खालच्या गल्लीतला आवाजही येत नव्हता. रविवारी, चार वाजता.

मग त्याच्या पाठीमागे... रिकाम्या पाइपवर...

पाना फिरल्याचा आवाज आला. कर्र. कर्र. कर्र.

तो वळला. पाइप होता. त्याच्यावर काही नव्हतं. आत्ताच त्याने सोडून खाली ठेवलेले नट पुन्हा जागेवर होते, गच्च आवळलेले.

फोनवर सदतीस.

इथून पुढचं अर्धं शिंपीणबाईंनी पाहिलंय. त्यांचे कपडे शेजारच्या गच्चीवर वाळत असतात, ते त्या काढत होत्या. त्या सांगतात, खांब फोन समोर धरून उलटा चालत होता. एकेक पाऊल. घाई नाही, गडबड नाही. मोठ्याने आकडे म्हणत होता. आणि हसत होता.

मी मामाला विचारलं, “हसत का होतास?”

“आकडा वाढत होता गं,” तो म्हणाला. “एक पाऊल मागे टाकलं की एकाने वाढायचा. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाढत होता. तो लांब जात होता. मला वाटलं, सुटलो.”

“मागे नाही बघितलंस?”

“नाही. डोळे फोनवर होते.”

त्या गच्चीला कठडा होता, पण गुडघ्याएवढा.

“आवाज येत होता?”

“येत होता. दर पावलाला विचारत होता. पण आता नुसतं ‘किती’ नाही. ‘त्या दिवशी किती होता’, असं. चिडून नाही गं. साध्या आवाजात. काम करताना विचारायचे ना, तसं.”

“दिसलं काही?”

“नाही. दिसलं असतं तर पाय तरी धरले असते.”

शिंपीणबाई म्हणतात, तो पडला त्याच्या आधी त्यांनी हाक मारली होती. त्याने ऐकली नाही. पडताना ओरडलाही नाही. त्यांना एवढंच ऐकू आलं, “बास, भाऊजी.”

अकरा दिवस तो होता. कंबरेखालचं काही हलत नव्हतं. अकराव्या दिवशी संध्याकाळी त्याने माझं मनगट धरलं.

“ताईला आकडा सांगू नकोस.”

“मामा, तू आत्ता सांग ना. मी तिला बोलावते. बाहेरच बसलीये.”

त्याने मान हलवली. नाही.

“तुझं सुटेल, मामा.”

“माझं सुटेल. तिचं काय?”

तो गेला. तोवर मी त्याला माफ केलं नव्हतं. अजूनही केलेलं नाही. पण त्याची आठवण येते, आणि ती बाबांच्या आठवणीएवढीच येते. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

मी सुताराकडून दवाखान्याच्या डब्यातली जुनी नोंद काढून घेतली. डबा दर मिनिटाचा आकडा लिहून ठेवतो. बहात्तर. सहासष्ट. मग सहा मिनिटं अठ्ठावन्न. मग एकदाच चौपन्न. मग काही नाही. सुताराने तो कागद पाहिला आणि मटकन खाली बसला. तो ग्रुपवर उत्तरं देत होता ना. त्याने नंतर सगळं काम सोडलं. डब्यांचं आता मीच बघते. दवाखाना सुताराने बांधलेल्या जोडावर चालतो, त्रेसष्टवर, आणि एक दिवस बंद पडलेला नाही.

आता माझं सांगते आणि संपवते.

मागच्या महिन्यात आई दवाखान्यातून आली. ओढ्यापलीकडच्या एका बाळाचा जीव मोठ्या डॉक्टरांनी फोनवरून बघून वाचवला होता, असं सिस्टरनी तिला सांगितलं होतं. आई वर्षभरात पहिल्यांदा हसली होती. चप्पल काढता काढता तिने विचारलं, अगदी सहज.

“मामाने तुला हॉस्पिटलात सगळं सांगितलं असेल ना गं? आकडा पंच्याऐंशीच होता ना?”

मी भाकरी नाही, पोळी नाही, काहीच करत नव्हते. हातात नुसता टॉवेल होता. त्याची घडी घालत राहिले.

“हो,” मी म्हटलं. “पंच्याऐंशीच.”

त्या रात्री आई गोळी न घेता झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या गच्चीवरच्या डब्याची यादी उघडली. आमच्या डब्याला तीन शेजारी आहेत. खाली चौथं नाव होतं...

रंगारी-बारा. उणे पंच्याऐंशी.

माझे बाबा असतील तर मी कशाला घाबरू, असं मी स्वतःला समजावते. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून छताला हात लावायचे. पण सव्वाचारला वारा सुरू होतो आणि तो आवाज येतो तेव्हा ते समजावणं टिकत नाही. त्या आवाजात राग नसतो. मायाही नसते. त्याला नुसतं उत्तर हवं असतं, आणि ते माझ्याकडे नाही, आईकडे पोचायला हवं असतं.

एक वाक्य आहे, ‘आकडा अठ्ठावन्न होता’. आईला समोर बसवून म्हणायचं. म्हटलं की बाबा दवाखान्यासाठी गेले नाहीत, एका पैजेसाठी गेले, हे तिला कळेल. तिच्याकडे तेवढं एकच आहे.

चार वेळा म्हणायला गेले. चारही वेळा परत आले.

आज दुपारी एकसष्ट होता. आई आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करतेय. गुणगुणतेय काहीतरी. मी तिला काही सांगणार नाही.